भुऱ्या आणि बेदाण्याची पिशवी : लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचं एक प्रकरण

पाडव्याच्या सकाळी, 2 नोव्हेंबर 2024 ला, सव्वाअकराच्या सुमारास फोन वाजला. "मॅडम, भुऱ्या सकाळपासून दोनदा ओकलाय. कालच्या फटाक्यांनी फार घाबरलाय हो. एखादी गोळी सांगता का?"

दिवाळीच्या दिवसांत असे फोन मला रोज येतात आणि बहुतेक वेळा घरच्यांचा अंदाज बरोबर असतो. घाबरलेलं कुत्रं ओकतं, त्याला जुलाब होतात, दिवसभर ते अन्नाला तोंड लावत नाही. त्यामुळे "घाबरलाय" म्हटलं की सांगणाऱ्यालाही पटतं आणि ऐकणाऱ्यालाही. भुऱ्याच्या बाबतीत ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं घरातल्या कोठीच्या खोलीत फरशीवर सांडलेलं होतं आणि तिथे सकाळपासून कुणी डोकावलं नव्हतं.

कोथरूडमध्ये माझा छोटा दवाखाना आहे. हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीनं लिहितेय. नाव फक्त कुत्र्याचं, बाकी कुणाचंही नाही. लिहायचं कारण असं की यात भीती आणि विषबाधा एकमेकींच्या आड लपल्या होत्या. वरवर पाहिलं तर गोष्ट बेदाण्यांची आहे. पण तिची सुरुवात दीड महिना आधी झाली होती आणि तेव्हा ती माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर होती.

भुऱ्या देशी कुत्रा. तेव्हा वय 4 वर्षं, वजन 14 किलो, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी. दोन महिन्यांचा असताना पावसात इमारतीच्या पार्किंगमध्ये सापडलेला. घर तिसऱ्या मजल्यावर. घरात आजी, मुलगा, सून, नववीतली नात आणि दुसरीतला नातू. स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली, खिडकी नसलेली, तिन्ही भिंतींना फळ्या.

सप्टेंबरमध्ये, अनंत चतुर्दशीनंतर तीनचार दिवसांनी, ते त्याला लशीसाठी घेऊन आले होते. निघता निघता वहिनी म्हणाल्या, "विसर्जनाच्या दिवशी ढोल सुरू झाले आणि हा जो लपला तो रात्रीपर्यंत बाहेरच आला नाही. जेवलाही नाही." मी त्याच्या कार्डावर "आवाजाची भीती" असं लिहिलं आणि म्हटलं, दिवाळीच्या आधी एकदा या, बघू काय करायचं ते. ते आले नाहीत. मीही फोन केला नाही. नंतर मी ते कार्ड काढून पाहिलं तेव्हा त्या दोन शब्दांपुढे काही नव्हतं. कुठे लपला? मग जेवला कधी? काय खाल्लं? हे तीन प्रश्न त्या दिवशी मी विचारले असते तर उत्तरंही तिथेच मिळाली असती, कारण घरच्यांना ती माहीत होती. भुऱ्या कोठीच्या खोलीत लपला होता. पहाटे सगळं शांत झाल्यावर बाहेर आला होता आणि कचऱ्याच्या डब्यातली शिळी भाकरी काढून त्यानं खाल्ली होती. दिवाळीत जे घडलं ते नेमकं हेच, फक्त भाकरीच्या जागी बेदाणे होते.

लक्ष्मीपूजनाची रात्र

शुक्रवार, 1 नोव्हेंबर. नंतर सगळ्यांशी बोलून मी त्या रात्रीचा क्रम जुळवला.

सकाळपासूनच तुरळक फटाके चालू होते. भुऱ्यानं सकाळचं अर्धवट खाल्लं, दुपारी वाटीकडे बघितलंही नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटून झाले आणि गल्लीत माळा सुरू झाल्या. फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये घालून दिलेली आहे. त्या गल्लीत साडेबारापर्यंत आवाज थांबला नाही.

नियमाप्रमाणे फटाका फुटतो तिथून 4 मीटरवर आवाज 125 डेसिबलच्या वर जाता कामा नये. 125 डेसिबल म्हणजे माणसाच्याही कानाला दुखवणारा आवाज. दोन्ही बाजूंना चारमजली इमारती आणि मध्ये चिंचोळा रस्ता असेल तर तो भिंतींवर आपटून परत परत येतो. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त, 45,000 च्या आसपास. आपल्याला "धडाम" एवढंच कळतं. कुत्र्याला त्याच्या आगेमागे आणखी किती काय ऐकू येत असेल! आणि दिवाळी आहे, उद्या संपेल, हे त्याला कोण सांगणार?

पहिल्या मोठ्या माळेला भुऱ्या कोठीत शिरला आणि खालच्या फळीखाली, मुलांच्या किल्ल्यासाठी आणलेलं एक जास्तीचं पोतं घडी करून ठेवलं होतं, त्यावर अंगाची मोटकुळी करून बसला. थरथर, धाप, लाळ. नात त्याच्याजवळ जाऊन बसणार होती, पण तिच्या बाबांनी तिला थांबवलं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं, कुरवाळलं, तर त्याला वाटतं घाबरणं बरोबर आहे आणि भीती वाढते. त्यांनी ते कुत्र्याच्या भल्यासाठीच केलं. दार लोटून घेतलं, दिवा बंद केला.

हा समज इतका पसरलाय की इथे थांबून सांगायलाच हवं. भीती ही बक्षीस मिळालं म्हणून शिकलेली सवय नसते. बसायला शिकवलं की कुत्रं खाऊसाठी पुन्हा बसतं. पण खाऊ मिळेल म्हणून कुणी थरथर कापत नाही. ते शरीरातून येतं. माणूस शेजारी शांत बसला, कुत्र्याला हवं तेव्हा टेकू दिला, तर भीती वाढत नाही. ओढून बाहेर काढणं, "बघ, काही नाही" म्हणत गॅलरीत नेणं, ओरडणं, यानं मात्र नक्की वाढते. त्या रात्री नात कोठीत बसली असती तर भुऱ्याला बरं वाटलं असतं, आणि दुसरं म्हणजे कोठीत काय काय जमिनीवर आहे तेही तिच्या नजरेला पडलं असतं.

कोठीत फराळाचे डबे होते, ते घट्ट झाकणाचे. पण सगळ्यात खालच्या फळीवर एक पिशवी होती. आजींची बहीण तासगावला असते. तिच्याकडून दरवर्षी दिवाळीच्या आधी एक किलो बेदाणा येतो, तिथल्या बागेतला, हिरवट सोनेरी. वरच्या फळ्यांवर पूजेची भांडी आणि भेट आलेले खोके मांडून जागा उरली नव्हती, म्हणून रव्याचे लाडू आणि चिवडा झाल्यावर उरलेली पिशवी सुतळी बांधून खाली ठेवली होती.

घाबरलेला कुत्रा खात नाही, हे खरं. भुऱ्यानंही माळा चालू असताना त्या पिशवीकडे बघितलं नसणार. पण साडेबारानंतर आवाज थांबला. पहाटे नातीला अर्धवट झोपेत प्लॅस्टिकची चुरचुर ऐकू आली होती. मोबाइलमध्ये चार वाजून गेलेले तिला आठवत होते. आदल्या सकाळपासून पोटात काही नसलेला 14 किलोचा कुत्रा, शांतता, अंधार आणि नाकापासून हातभर अंतरावर गोड वासाची पिशवी.

सकाळी साडेसहाला तो गॅलरीत पिवळा फेस ओकला. आजींनी ते फिनेलनं पुसून घेतलं. पाडव्याची गडबड होती. सगळ्यांनी एकच म्हटलं, रात्रभर घाबरला ना, म्हणून.

फोनवरचे दोन प्रश्न

मी विचारलं, "ओकारीत काय होतं?"

वहिनी म्हणाल्या, "काही नाही, पिवळं पाणी."

मागून नातीचा आवाज आला, "आई, दुसऱ्या वेळी हरभऱ्यासारखं काहीतरी होतं."

"घरात हरभरे भिजत घातलेत का?"

दोन क्षण कुणी बोललं नाही. "नाही हो."

दुसरी ओकारी अजून पुसलेली नव्हती, रांगोळीच्या कडेलाच होती. मी फोटो मागवला. गेरूवर काढलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या बाजूला तपकिरी पाणी आणि त्यात चारपाच गोल फुगलेले दाणे. हरभऱ्याची साल ताणलेली, गुळगुळीत दिसते. याच्यावर सुरकुत्यांच्या बारीक रेषा होत्या आणि एका टोकाला देठाची खूण. मी एवढंच म्हटलं, "आधी कोठीत जाऊन बघा."

पिशवीचा एक कोपरा फाडलेला होता. बेदाणे पोत्यावर, फरशीवर, फळीखाली पसरलेले.

याच वेळी आजींनी पेल्यात मिठाचं पाणी कालवायला घेतलं होतं. आपल्याकडे माणसाला उलटी करवायची तर हाच उपाय पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे आणि त्या घाईतसुद्धा त्यांना काहीतरी करावंसं वाटलं यात त्यांचं काही चुकलं नाही. पण कुत्र्यासाठी ते धोक्याचं आहे. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं, रक्तातलं सोडियम चढतं, झटके येऊ शकतात. ज्या कुत्र्याची किडनी आधीच संकटात आहे त्याला मिठाचा डोस म्हणजे दुहेरी मार. "आजी, ते ओतून टाका आणि तशाच निघा," असं मी सांगितलं आणि त्यांनी लगेच ऐकलं.

नातीनं मात्र एक काम असं केलं की ज्याचा मला पुढे फार उपयोग झाला. बाबा गाडी काढेपर्यंत तिनं उरलेले सगळे बेदाणे, सांडलेलेसुद्धा, गोळा करून स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवले. 570 ग्रॅम. पिशवी एक किलोची. लाडू-चिवड्याला किती गेले? आई म्हणाली, मोजून दोन वाट्या. तिनं त्याच वाटीनं पुन्हा दोन वाट्या भरून वजन केलं. 260 ग्रॅम. म्हणजे 170 ग्रॅमचा हिशेब लागत नव्हता. 170 ग्रॅम आणि 14 किलोचा कुत्रा. किलोमागे 12 ग्रॅम. नोंदलेल्या प्रकरणांत किलोमागे साधारण 3 ग्रॅम बेदाण्यांनीही कुत्र्याच्या किडनीला इजा झालेली आहे. काही कुत्री त्याहून जास्त खाऊनही ठणठणीत राहतात. कोणतं कुत्रं कुठल्या बाजूचं हे आधी कळायला मार्ग नाही, म्हणून धोक्याची बाजू धरूनच चालायचं.

बेदाण्यात आहे तरी काय

वडिलांनी गाडीतूनच विचारलं होतं की बेदाणे तर आम्ही लहान बाळालाही देतो, मग? प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर डॉक्टरांकडेही बरीच वर्षं नव्हतं. द्राक्षं आणि बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात हे विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी लक्षात आलं. बुरशी, कीटकनाशक, जडधातू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. धागा मिळाला तो वेगळ्याच ठिकाणी: घरी मळलेल्या खेळण्याच्या कणकेतलं क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या कुत्र्याची किडनी अगदी तशीच बिघडली होती. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे टार्टारिक आम्लाचंच क्षार. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमीजास्त असतं, त्यामुळे एका कुत्र्याला बाधतं आणि दुसऱ्याला बाधत नाही, या कोड्याचाही काहीसा उलगडा झाला. माणसाची किडनी या आम्लाचा निचरा करते, कुत्र्याच्या किडनीला ते जमत नाही असं दिसतं.

आपल्या घरांसाठी यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी मुद्दाम सांगते. टार्टारिक आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडनीला इजा झाल्याचीही नोंद आहे. वर्षाची चिंच मीठ लावून गोळे करून ठेवणारी घरं आपल्याकडे अजून आहेत. तो गोळा कुत्र्याच्या वाटेत नको.

चार दिवस

बारा वाजता भुऱ्या टेबलावर होता. खाऊन आठ तास होत आले होते. एवढ्या उशिरा पोट रिकामं करण्यात अर्थ असतो का? बेदाण्यांच्या बाबतीत बहुधा असतो, कारण ते पोटात फुगून बसतात, लवकर पुढे सरकत नाहीत. तो शुद्धीवर, सावध होता, म्हणून उलटी करवणारं इंजेक्शन दिलं. बेदाणे आले, पिशवीचा एक तुकडाही आला. भिजलेल्या बेदाण्यांच्या वजनाला अर्थ नसतो, म्हणून आम्ही ते ट्रेमध्ये पसरून मोजले. 61. अर्ध्या ग्रॅमचा एक धरला तर तीसएक ग्रॅम. सकाळच्या दोन ओकाऱ्यांत गेले ते वेगळे, पण बाकीचे आतच होते.

बेदाणे सापडले म्हणून बाकीच्या शक्यता सोडून देता येत नाहीत. पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत आपल्याकडे ओकणारा, मलूल कुत्रा आला की लेप्टो आणि गोचीडताप डोक्यात असलेच पाहिजेत. लेप्टोही किडनीच धरतो. फराळाचं तळलेलं खाऊन स्वादुपिंडाला सूज येते, तीही अशीच दिसते. फटाका चावला का, हेही विचारलं, कारण त्यातली बेरियमची क्षारं पोटात गेली तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक खाली येतं. भुऱ्याला ताप नव्हता, कावीळ नव्हती, प्लेटलेट्स ठीक होत्या, गोचीडतापाची चाचणी निगेटिव्ह. लेप्टोचा नमुना पाठवून दिला, तो चार दिवसांनी निगेटिव्ह आला.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, 1.1 आलं. नॉर्मल. वडिलांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग घरी नेतो ना, मॅडम? पाडवा आहे."

त्या क्षणी नाही म्हणणं जड गेलं. पण हा पहिला आकडा फसवतो. क्रिएटिनिन वाढायला लागतं तेव्हा किडनीचं बरंचसं काम बंद पडलेलं असतं, आणि बेदाण्यांनी होणारी इजा 24 ते 72 तासांत वर येते. शनिवारी दुपारच्या नॉर्मल आकड्याचा अर्थ इतकाच होता की आपण वेळेत आलोय. यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. किडनीतून भरपूर पाणी फिरवत ठेवायचं आणि लघवी मोजायची, एवढंच हातात असतं. सलाईन लावलं, ओकारी थांबवायचं औषध दिलं, लघवीची नळी घातली.

रविवारी सकाळी 1.7. रविवारची रात्र सगळ्यात वाईट गेली. भाऊबीज होती. संध्याकाळी बाहेर पुन्हा फटाके सुरू झाले आणि सलाईन लावलेला भुऱ्या पिंजऱ्यात कोपऱ्याला अंग दाबून थरथरायला लागला. भीतीसाठी आम्ही एरवी गॅबापेंटिन वापरतो, पण ते किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून इथे ते नको होतं. ट्रॅझोडोन कमी मात्रेत दिलं. नऊ वाजता नात आली, भावाला ओवाळून तशीच, नव्या ड्रेसमध्ये. बरोबर कोठीतलं ते पोतं. तिनं ते पिंजऱ्यात सरकवलं आणि स्वतः जमिनीवर बसून जाळीतून हात आत घातला. भुऱ्यानं आधी पोतं हुंगलं, मग त्यावर येऊन बसला, मग हनुवटी तिच्या मनगटावर टेकवली. कुणी त्याला गोंजारत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. थरथर पूर्ण थांबली नाही, पण श्वास खाली आला.

मी दर तासाला लघवीची पिशवी बघत होते. 14 किलोच्या कुत्र्यानं ताशी निदान 14 ते 28 मिली लघवी करायला हवी, सलाईन चालू असताना तर त्याहून जास्त. दहा वाजता 11 मिली. अकराला 9. बाराला पुन्हा 9. अशा वेळी सलाईनचा वेग वाढवावा असं हात म्हणतो, पण किडनीनं बाहेर टाकलं नाही तर तेच पाणी फुप्फुसांत साठतं. म्हणून दर सहा तासांनी वजन, मधूनमधून छातीला स्टेथोस्कोप. वेग कमीजास्त करत, लघवी वाढवायचं औषध देत रात्र काढली. कुत्र्यांचं डायलिसिस आपल्याकडे अगदी मोजक्या ठिकाणी होतं, त्यामुळे लघवी बंद पडली तर पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे फारसं चांगलं नव्हतं आणि ते मी वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं. पहाटे चारला 16. सहाला 24. तो आकडा मी दोनदा वाचला.

सोमवारी क्रिएटिनिन 2.6, म्हणजे सगळ्यात वर, पण लघवी चालू झालेली. मंगळवारी 2.4, बुधवारी 1.9. बुधवारी संध्याकाळी तो स्वतःहून उठून वाटीतला मऊ भात खाऊन गेला आणि मी त्याला घरी सोडलं. तीन आठवड्यांनी 1.2. जानेवारीत लघवीची तपासणीही स्वच्छ आली.

पुढची दिवाळी

बरा झाल्यावर आम्ही सगळे एकदा नीट बसलो. घरच्यांचा सूर होता, यापुढे घरात बेदाणाच आणायचा नाही. मला ते पुरेसं वाटलं नाही. बेदाणा नसता तर सुक्यामेव्याच्या खोक्यातलं चॉकलेट असतं, चिंच असती, नाहीतर लक्ष्मी यावी म्हणून उघडं ठेवलेलं दार असतं. माळ वाजली आणि उघड्या दारातून जिन्यावरून खाली पळालेली कुत्री दर दिवाळीत हरवतात, काही गाडीखाली येतात. आमचा प्रश्न हा होता की भुऱ्या घाबरला की कुठे जातो आणि शांत झाल्यावर काय करतो. पहिल्याचं उत्तर कोठी, दुसऱ्याचं खातो.

मग कोठी त्यालाच दिली. बेडरूममध्ये नवी गादी करून त्याला तिकडे न्यायचा विचार आधी झाला, पण जागा त्यानं स्वतः निवडली होती आणि चांगली निवडली होती. खिडकी नाही, घराच्या मधोमध, भिंतींना फळ्या आणि त्यावर धान्याचे डबे, कापडं, गाद्या, म्हणजे आवाज मऊ होणारच. 2025 च्या गणपतीपासूनच खालच्या दोन फळ्या रिकाम्या झाल्या. फराळ आणि सुकामेवा बेडरूमच्या कपाटात, कपाटाला किल्ली. पोतं तिथेच, वर जुनी चादर. दार कायम उघडं, म्हणजे आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही त्याच्या मर्जीनं.

फेब्रुवारीपासून नातवाचं काम ठरलं. फटाक्यांच्या आणि ढोलाच्या ध्वनिफिती अगदी हळू, इतक्या हळू की भुऱ्याचे कान फक्त वळावेत, आणि त्याच वेळी उकडलेल्या चिकनचे तुकडे. कान मागे गेले, जीभ ओठांवरून फिरली की आवाज बंद, त्या दिवसापुरतं पुरे. मुलांना घाई असते, तरी या मुलानं आठ महिने ते मनापासून केलं. ध्वनिफितीत जमीन हादरत नाही, फटाक्यांच्या दारूचा वास येत नाही, त्यामुळे यानं सगळी भीती जाते असं मी सांगणार नाही. कमी होते.

औषधाचं आम्ही ऑगस्टमध्येच ठरवलं. ज्या दिवशी घरात काहीच नाही अशा एका रविवारी एक मात्रा देऊन पाहिली, किती वेळानं लागू पडते, तोल जातो का, ओकतो का. पहिल्यांदा औषध लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी देणं म्हणजे अंधारात उडी. आणि एक गोष्ट, जी माझ्या व्यवसायात खूप उशिरा बदलली: एसप्रोमेझिनची गोळी अजून अनेक ठिकाणी फटाक्यांसाठी दिली जाते. तिनं कुत्रं निपचित पडतं, बघणाऱ्याला वाटतं शांत झालं. आत भीती तशीच असते, फक्त पळता येत नाही. एकट्या त्या गोळीवर कुत्र्याला दिवाळी काढायला लावू नका, तुमच्या डॉक्टरांना भीतीवरच काम करणारं औषध विचारा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या तर नाहीच.

मांजर असलेल्या घरांसाठी एकच भर घालते. भेट आलेल्या फुलांच्या गुच्छात लिली असेल तर ती काढून थेट घराबाहेर. मांजरानं अंगावर पडलेला पराग चाटला तरी किडनी जाते.

21 ऑक्टोबर 2025, लक्ष्मीपूजन. पाच वाजता, उजेड असताना, पट्ट्याबरोबर छातीचा हार्नेसही घालून भुऱ्याला फिरवून आणलं. पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला. सव्वापाचला औषध, साडेपाचला पोटभर जेवण, कारण एकदा माळा लागल्या की तो खाणार नाही हे आता सगळ्यांना माहीत होतं. पूजेच्या वेळी दाराच्या चौकटीत लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक. सातपासून पाळी लावलेली: आधी आजी, मग बाबा, मग नात. कोठीत एक स्टूल आणि जवळ बसून राहायचं, बस.

आजींनी त्यांच्या पाळीत जपाची माळ ओढली म्हणे. भुऱ्या थरथरला, धापा टाकल्या, पण त्यांच्या पायावर डोकं ठेवून पडून राहिला. लाळ गळली नाही.

शांत झाल्यावरचं जेवण ही नातीची जबाबदारी होती. झाकून ठेवलेला चिकनभात तिनं आवाज थांबल्यावर अर्ध्या तासानं कोठीत नेऊन ठेवला. मला फोटो आला तेव्हा बारा पन्नास झाले होते. चाटूनपुसून रिकामी वाटी आणि कडेला पोत्यावर एक पाय. खाली लिहिलं होतं, "सगळं संपवलं. अजून मागतोय. देऊ का?"

मी लिहिलं, दे.